विद्यापीठाच्या कार्यक्रमात मुलगी जखमी झाली: भरपाई कोणाकडे मागायची, कुठे आणि किती दिवसांत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी राज्य विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या आवारात युवक महोत्सवाची रंगीत तालीम सुरू असताना मंचावरची दिव्यांची लोखंडी चौकट कोसळली आणि तिच्या गुडघ्यावर पडली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तिसरी व्हायची आहे. कुलसचिव कार्यालयाने पत्र पाठवून चार कारणं दिली आहेत: सहभाग ऐच्छिक होता, हमीपत्रावर तिची सही आहे, मंच ठेकेदाराने उभारला होता, आणि विद्यापीठ शासकीय संस्था असल्याने त्याच्यावर दावा चालत नाही. सोबत गट विम्याचा अर्ज जोडला आहे.

अशी पत्रं मी बरीच वाचली आहेत. ती वाचून घरचे लोक खचतात आणि त्यात मोलाचे महिने निघून जातात. म्हणून आधीच सांगतो. या चार कारणांपैकी एकही तुमचा हक्क बुडवत नाही. तिसऱ्या कारणाला मात्र नीट उत्तर द्यावं लागेल, कारण खरा वाद तिथेच होणार आहे.

चौथं कारण आधी निकालात काढू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खालचं विद्यापीठ हा निगम निकाय आहे. त्याला स्वतःच्या नावाने दावा लावता येतो आणि त्याच्यावरही लावता येतो. सार्वभौम कार्यासाठी राज्य भरपाईला बांधील नाही, हा विचार १९६५ च्या कस्तुरीलाल निकालातून आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या नागेंद्र राव निकालात तो फार अरुंद करून ठेवला. युवक महोत्सव भरवणं म्हणजे सैन्य बाळगणं किंवा न्यायदान करणं नव्हे. शासकीय असण्याचा उलट तुम्हालाच एक फायदा आहे. कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ प्रमाणे ‘राज्य’ ठरतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध रिट याचिका, म्हणजे हक्कभंगाबद्दल थेट उच्च न्यायालयात करायचा अर्ज, करता येते. खाजगी संस्थेच्या बाबतीत ही वाट इतकी सरळ नसते.

याच मुद्द्याच्या पोटात एक बारीक गोष्ट आहे. विद्यापीठाचे वकील ती नक्की काढतील. विद्यापीठांच्या कायद्यांत सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारं कलम असतं. १८९७ च्या साधारण खंड अधिनियमातली (कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारा हा कायदा) ‘सद्भावने’ची व्याख्या पाहिली, तर प्रामाणिकपणे केलेली कृती निष्काळजीपणाची असली तरी सद्भावनेत बसते. त्यामुळे ‘निष्काळजीपणा झाला म्हणजे सद्भावना संपली’ एवढंच म्हणून भागत नाही. माझं उत्तर असं असतं: हे संरक्षण अधिनियमाखालचा अधिकार वापरून केलेल्या कृतीला आहे. मंचाची तपासणीच न करणं हा कुठल्याही अधिकाराचा वापर नव्हे. शिवाय भरपाई आपण कुलगुरूंकडून किंवा संचालकांकडून वैयक्तिक मागत नाही, संस्थेकडून मागतो. दाव्याचा मसुदा पहिल्या दिवसापासून याच धाटणीने लिहून घ्या.

‘सहभाग ऐच्छिक होता’ हे म्हणणं खरं आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. महोत्सव विद्यापीठाच्या वार्षिक दिनदर्शिकेत असतो, विद्यार्थी विकास मंडळ तो भरवतं, त्यासाठी सगळ्यांकडून शुल्क घेतलं जातं, आणि अनेक विद्यापीठांत सहभागाबद्दल सवलतीचे गुणही मिळतात. मुलगी स्वखुशीने नाचायला गेली होती. डोक्यावर नीट न बांधलेलं लोखंड लटकतंय, हे तिने स्वखुशीने पत्करलेलं नव्हतं.

हमीपत्राबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याची भीती सगळ्यांत जास्त असते. ‘कोणत्याही अपघातास विद्यापीठ जबाबदार राहणार नाही’ या वाक्याखाली सही केली की सगळं संपलं, असं पालकांना वाटतं. आयोजकांनाही तसंच वाटतं, आणि ते जास्त घातक आहे, कारण मग तपासणी ढिली पडते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे लोकहिताच्या धोरणाविरुद्धचा करार न्यायालय मानत नाही. दोन पक्षांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचं अंतर असेल आणि दुबळ्याला छापील अटींवर सही करण्यावाचून पर्याय नसेल, तर अशा अन्यायकारक अटी बंधनकारक राहत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली निकालात सांगितलं. तो निकाल नोकरीच्या अटींबद्दल होता, पण तत्त्व इथेही मांडता येतं. सही करणारा अठरा वर्षांखालचा असेल, तर करार मुळातच शून्य. पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलं असतात, हे विद्यापीठं सर्रास विसरतात.

तरीही हमीपत्राला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणणार नाही. त्या खेळात किंवा उपक्रमात अंगभूत असलेला धोका विद्यार्थ्याला माहीत होता, हे त्यातून दिसतं. कबड्डीत पकड करताना खांदा निखळला, तर तो खेळाचाच भाग आहे आणि त्यासाठी विद्यापीठाला दोष देता येत नाही. पण मॅटचे जोड उसवलेले असताना, दोन संघांनी तक्रार केलेली असताना त्याच मॅटवर सामना खेळवला आणि पाय अडकून गुडघा गेला, तर तो धोका खेळाने आणलेला नाही, आयोजकाने आणला आहे. तुमच्या मुलीचा पाय नाचताना मुरगळला असता, तर मी तुम्हाला विम्याचा अर्ज भरून गप्प राहायला सांगितलं असतं.

आता ठेकेदार. अशा प्रकरणांत निकाल फिरतो तो एका प्रश्नावर: जागा, वेळ आणि माणसं कोणाच्या ताब्यात होती, आणि त्या ताबेदाराला धोका दिसायला हवा होता का? अपघात किती भयंकर होता यावरून जबाबदारी ठरत नाही. विद्यापीठाचं नाव फलकावर होतं, यावरूनही ठरत नाही.

हा विचार कसा चालतो, ते निकालांतून दिसतं. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि चौदा मुलं बुडाली. ‘ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद’ या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. शिक्षकांची चूक ही शाळेच्या कामाच्या ओघात झालेली चूक, म्हणून व्यवस्थापन जबाबदार. पुढे जून २०१४ मध्ये त्याच नदीत, हिमाचलमध्ये, लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी सोडणाऱ्यांची चूक उघड होती. तरीही उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रत्येकी वीस लाखांची भरपाई ठरवताना सगळा भार वीज मंडळावर टाकला नाही. साठ टक्के मंडळावर, तीस टक्के महाविद्यालयावर आणि दहा टक्के राज्यावर अशी विभागणी केली. दुसऱ्याची चूक मोठी असली म्हणून आपली चूक माफ होत नाही, हे यातलं तुमच्या कामाचं सूत्र.

उलट बाजूचा निकालही माहीत हवा, कारण विद्यापीठ तो दाखवणार. १९९७ च्या दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये चित्रपटगृहाच्या मालकांवर ८५ टक्के आणि वीज मंडळावर १५ टक्के भरपाई ठेवली, पण परवाने देणाऱ्या महापालिकेला आणि पोलिसांना भरपाईतून मोकळं केलं. देखरेख कमी पडली एवढ्याने पैसे द्यावे लागत नाहीत, चुकीचा अपघाताशी थेट संबंध लागतो. म्हणून विद्यापीठ ‘आम्ही फक्त परवानगी दिली’ अशी भूमिका घेईल. तुम्हाला दाखवायचं आहे की ते परवानगी देणारे नव्हते, भरवणारे होते.

ते दाखवणं तुमच्या प्रकरणात अवघड नाही. आवार विद्यापीठाचं. तालमीची वेळ विद्यार्थी विकास मंडळाने ठरवली. मंचावर कोण कधी चढेल, हे त्यांचे समन्वयक सांगत होते. ठेकेदार त्यांनीच निवडला. ‘तो आमचा नोकर नाही, कंत्राटी आहे’ हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या सविता गर्ग निकालात रुग्णालयाच्या तोंडून ऐकून घेतलं नाही. ज्या संस्थेच्या भरवशावर माणूस आत येतो, तिने आत वापरलेल्या माणसांबद्दल खुलासा करायचा, असा त्याचा रोख आहे. लोखंडी चौकट आपणहून कोसळत नाही. ती नीट बांधली होती, हे सांगण्याचं ओझं उभारणाऱ्यावर आणि उभारून घेणाऱ्यावर येतं. तरीही दाव्यात ठेकेदारालाही प्रतिवादी करा. तो बाहेर राहिला, तर विद्यापीठ प्रत्येक तारखेला त्याच्याकडे बोट दाखवत राहील.

विद्यापीठांनी ठेकेदाराच्या पलीकडे का पाहायला हवं, याचं उदाहरण कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात घडलं. २५ नोव्हेंबर २०२३ ला तंत्रमहोत्सवातल्या संगीत कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेर थांबलेली गर्दी आत घुसली, प्रवेशद्वारामागच्या उताराच्या पायऱ्यांवर मुलं एकमेकांवर पडली आणि चौघांचा जीव गेला. पायऱ्या वर्षानुवर्षं तिथेच होत्या. उघड्या सभागृहात गर्दी आणि पाऊस एकत्र येऊ शकतात, हे कोणालाही सुचण्यासारखं होतं. सुचण्यासारखं असूनही ज्याची तजवीज झालेली नसते, त्यालाच कायदा निष्काळजीपणा म्हणतो. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या दाव्यासोबत जोडा. धोक्याची कल्पना नव्हती, असं मग म्हणता येत नाही.

एक फरक मान्य करावा लागेल. ग्रेवाल प्रकरणातली मुलं शाळकरी होती, तुमची मुलगी सज्ञान आहे. सज्ञान विद्यार्थ्याची क्षणोक्षणी राखण करणं विद्यापीठाचं कर्तव्य नाही. वसतिगृहातली मुलं रात्री स्वतःहून धबधब्यावर गेली आणि कोणी घसरून पडला, तर विद्यापीठाला त्यात ओढणं मला पटत नाही आणि सहसा टिकतही नाही. पण मंचाचे नटबोल्ट तपासणं हे राखणीचं काम नव्हे, जागेच्या मालकाचं काम आहे. तिथे वयाचा प्रश्न येत नाही.

विद्यार्थी संलग्न महाविद्यालयाचा असेल, तर चित्र बदलतं. महाविद्यालयाच्या स्वतःच्या संमेलनात झालेल्या अपघाताला ती संस्था आणि तिचं विश्वस्त मंडळ जबाबदार. केवळ संलग्नता दिली म्हणून विद्यापीठ सहसा अडकत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विद्यापीठाने भरवली असेल, तर दोघांनाही प्रतिवादी करावं. सहलीच्या बसला अपघात झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जा. तिथे बसची विमा कंपनी पैसे भरते. २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अर्ज सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीवर न्यायालयात वाद आहे, पण त्या वादाच्या भरवशावर थांबू नका.

आता कुठे जायचं. ग्राहक आयोगात जाऊ नका. स्वस्त आणि सोपं म्हणून अनेक जण तिकडेच धावतात. विद्यार्थी हा ग्राहक नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या महर्षी दयानंद विद्यापीठ प्रकरणात घेतली. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनु सोळंकी प्रकरणात सहली, पोहणं, खेळ असे अभ्यासेतर उपक्रमही बाहेरच ठेवले. विषय सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. निकाल काहीही लागो, तुमचं प्रकरण त्या प्रयोगासाठी खर्ची घालू नये.

राहिल्या दोन वाटा: रिट याचिका आणि दिवाणी दावा. रिटमध्ये खर्च कमी आणि निकाल तुलनेने लवकर, पण अट एक आहे, वस्तुस्थितीवर वाद नसावा. १९९९ च्या सुकमणी दास प्रकरणात विजेच्या तारेने मृत्यू झाला होता. निष्काळजीपणाच नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ‘साक्षीपुरावा लागेल, दिवाणी न्यायालयात जा’ असं सांगितलं. म्हणून विद्यापीठाच्या चौकशी समितीचा अहवाल हाती येईपर्यंत रिटचा निर्णय करू नका. अहवालात तपासणी झाली नव्हती असं म्हटलं असेल, तर रिट करा. अहवाल गोलमाल असेल किंवा सगळं ठेकेदारावर ढकललं असेल, तर दिवाणी दावा. दाव्याला मागणीच्या रकमेप्रमाणे न्यायालय शुल्क लागतं. पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्यात उत्पन्नाची अट नाही. मुलीच्या नावाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. यात कमीपणा काही नाही.

मुदतीकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. शारीरिक इजेच्या दाव्याला मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ११३ खाली तीन वर्षं मिळतात, असं धरलं जातं. मृत्यू झाला असेल, तर १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली वारसांना दोनच वर्षं. अनुच्छेद ७२ त्याहून धोक्याचा आहे. कायद्याच्या अंमलबजावणीत केलेल्या किंवा न केलेल्या कृतीबद्दलच्या दाव्याला तो एकच वर्ष देतो, आणि विद्यापीठाचे वकील तोच लावायला पाहतात. तो इथे लागू नये, असं माझं मत आहे. तरी मी अशिलाला एक वर्षाच्या आत दावा लावायला सांगतो, म्हणजे तो वादच उरत नाही. राज्य सरकारलाही प्रतिवादी करायचं असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. ते दोन महिने मुदतीतून वजा होतात, पण हिशेब काठावर ठेवू नका.

कागद आजच मागा. विद्यापीठ सार्वजनिक प्राधिकरण आहे, माहिती अधिकारात तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागायचं ते असं: ठेकेदाराला दिलेला कार्यादेश आणि त्याच्या अटी, मंचाच्या मजबुतीचा दाखला, तो कोणी आणि कोणत्या तारखेला तपासला, विद्युत निरीक्षकाची आणि पोलिसांची परवानगी, तालमीचं वेळापत्रक, चौकशी समिती नेमल्याचा आदेश आणि तिचा अहवाल. मजबुतीचा दाखला नव्हताच, असं लेखी उत्तर आलं, तर दाव्याचा अर्धा पुरावा तोच. रुग्णालयातली वैद्यकीय-कायदेशीर नोंद आणि पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा यांच्या प्रती घ्या. आवारातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून ते राखून ठेवण्याची मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

फौजदारी तक्रारीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नातेवाईक आग्रह करत असतील. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून इजा करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये येतं. ठेकेदाराविरुद्ध गुन्हा नोंदवायला हरकत नाही, पंचनामा त्यातूनच पक्का होतो. समन्वयक म्हणून नेमलेल्या एखाद्या तरुण सहायक प्राध्यापकाला आरोपी करून भरपाई मात्र वाढत नाही. उलट खरं सांगू शकणारा साक्षीदार कायमचा गप्प बसतो.

रक्कम किती मिळू शकते? न्यायालयं मोटार अपघातांतली पद्धत मार्गदर्शक म्हणून वापरतात, ती बंधनकारक नाही. शिकणाऱ्या मुलीचं संभाव्य उत्पन्न गृहीत धरतात. समजा महिना २५,००० धरलं. वर्षाचे तीन लाख, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून ४,२०,०००. वर्षाच्या उत्पन्नाला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. १५ ते २५ वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातला गुणक १८, म्हणजे ७५,६०,०००. कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं ठरलं, तर २२,६८,०००. उपचार, पुढची शस्त्रक्रिया, वेदना, वाया गेलेलं वर्ष हे सगळं त्यावर वेगळं.

या हिशेबात ३० टक्के हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. डॉक्टर गुडघ्याचं अपंगत्व प्रमाणपत्रावर लिहितात. न्यायालयाने पाहायचं ते कमाईवर काय परिणाम होतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट आहे. भूशास्त्रज्ञाला डोंगर चढावे लागतात, खाणीत उतरावं लागतं. त्याच गुडघ्याने टेबलावरची नोकरी करणाऱ्याचं थोडं बिघडेल, तुमच्या मुलीचा अर्धा व्यवसाय बंद होऊ शकतो. विभागप्रमुखांकडून क्षेत्रकार्याचं महत्त्व सांगणारं पत्र घ्या आणि अस्थिरोगतज्ज्ञाला साक्षीत तेच विचारायला वकिलांना सांगा.

गट विम्याचा अर्ज अवश्य भरा, त्याची मुदत चुकवू नका. विम्याचे पैसे घेतल्याने दाव्याचा हक्क जात नाही. जपायचं ते विद्यापीठाच्या ‘सानुग्रह मदती’च्या पावतीला. तिच्यावर ‘संपूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही’ असं छापलेलं असतं. ते वाक्य खोडून, शेजारी सही करून, खाली लिहा: ‘ही रक्कम कायदेशीर भरपाईचा हक्क राखून स्वीकारली.’ तसं लिहिलेलं चालणार नाही म्हणाले, तर धनादेश परत करा आणि नकार लेखी मागा.